विजेवरचा ट्रक आणि सार्वजनिक जलद चार्जिंग

प्रश्न : जालन्याची मोसंबी वाशीच्या बाजारात नेण्यासाठी विजेवरचा ट्रक घेण्याचा विचार आहे. वाटेतल्या सार्वजनिक जलद चार्जरवर विसंबून राहता येईल का? – एक वाहतूकदार, जालना

उत्तर : येईल, पण केवळ नकाशावरच्या खुणा पाहून नव्हे. आपल्याकडे बहुतेक जलद चार्जरना सीसीएस-२ या एकाच प्रमाणित प्रकारची जोडणी असल्याने प्लग जुळण्याची अडचण सहसा येत नाही. खरी अडचण जागेची असते, कारण बरीच केंद्रे मोटारींच्या मापाने आखलेली आहेत आणि लांब ट्रक तेथे वळवणेही कठीण जाते. शिवाय ६० किलोवॉटच्या (तासाला ६० युनिट देणाऱ्या) चार्जरला दोन गन, म्हणजे वाहनाला लावायचे दोन प्लग, असतील, तर दुसरे वाहन लागताच वीज अनेकदा विभागली जाते. २०० युनिटांची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर नेण्यास १२० युनिट लागतात. म्हणजे पूर्ण क्षमता मिळाली तरी दोन तास, निम्मी मिळाल्यास चार. नाशवंत मालाला हा फरक परवडत नाही. ८० टक्क्यांनंतर वेग मंदावतो, तेव्हा शंभराचा हट्ट धरू नये. वाशीकडे जाताना कसाऱ्याचा उतार थोडी वीज परत देतो, परतीचा चढ मात्र ती भरपूर खातो. म्हणून दोन्ही दिशांचा हिशेब वेगळा मांडावा आणि मुख्य चार्जिंग रात्री स्वतःच्या आवारातच करावे.