गाव महापालिकेत गेलं, मग दारातली चिंच कोणत्या कायद्यात?

नमस्कार दादा, तुमचा मेसेज दोनदा वाचला. थोडक्यात मला जे समजलं ते असं, पुण्याच्या हद्दीवरच्या मांजरी बुद्रुकला तुमचं वडिलोपार्जित घर आहे, अंगणात आजोबांनी लावलेली चिंच आणि मागच्या बाजूला कडुनिंब. चिंचेच्या मुळांनी कंपाउंडच्या भिंतीला तडा गेलाय आणि तुम्हाला तिथेच दोन खोल्या वाढवायच्यात. ठेकेदार म्हणतो सातबारा तुमचा, झाड तुमचं, रविवारी सकाळी पाडून देतो, वर लाकडाचे बारा हजार रुपये मीच तुम्हाला देतो. आणि गावातले एक जुने जाणकार म्हणाले की चिंच यादीत आहे पण लिंब यादीत नाही, तो बिनधास्त तोडा.

सगळ्यात आधी, रविवारचं कॅन्सल करा. आजच फोन करा त्याला, बाकीचं नंतर वाचा.

आता त्या यादीचं. जाणकारांनी सांगितलं ते चूक नाही, पण ते तुमच्या गावाला आता लागू नाही. ती यादी 1964 च्या झाडं तोडण्याच्या नियमनाच्या कायद्यातली, ग्रामीण भागासाठीची. त्यात हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिबळा, हेद, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी अशी झाडं आहेत. कडुनिंब त्यात नाही, वड पिंपळ पण नाहीत, म्हणून गावाकडे सगळे विचारतात की झाड कुठलं आहे. पण तुमचं गाव 2021 च्या जूनअखेर पुणे महापालिकेत आलेल्या 23 गावांपैकी एक आहे, त्या दिवसापासून तुम्हाला लागतो 1975 चा नागरी क्षेत्रातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आणि तिथे जातीची यादी बघायचीच नसते, महापालिका नाहीतर नगरपरिषदेच्या हद्दीतलं झाड म्हटलं की परवानगी लागणारच, मग ते तुमच्या स्वतःच्या अंगणातलं का असेना. म्हणजे चिंच दोन्हीकडे सापडते आणि लिंब गावात सुटला असता तो शहरात सापडतो. हद्दीलगतच्या गावांतली माणसं नेमकी इथेच फसतात, कारण घर तेच, सातबारा तोच, बदललेलं काही दिसत नाही.

म्हणून झाड तपासायचं म्हणजे आधी हद्द तपासायची. घरपट्टीची पावती बघा, ती महापालिकेची येते ना, मग विषय संपला. वृक्षगणनेत झाडाची नोंद नाही, खोडावर नंबरचा पत्रा नाही म्हणून ते मोकळं झालं असंही नाही.

दुसरं वय. तुम्ही लिहिलंय की वडील शाळेत जायच्या आधीची चिंच आहे, म्हणजे साठीच्या पुढची सहज. या 1975 च्या कायद्यात 2021 ला झालेल्या दुरुस्तीने 50 वर्षं किंवा जास्त वयाच्या झाडाला हेरिटेज झाडाचा दर्जा दिलाय, आणि परवानगी मिळालीच तरी झाडाचं जेवढं वय तेवढी नवीन झाडं लावायची आणि जगवायची अट येते. साठ झाडं कुठे लावणार याचं उत्तर अर्ज करायच्या आधी तुमच्याकडे पाहिजे.

तिसरी गोष्ट तुम्ही शेवटी एका ओळीत उरकलीय पण मला तीच जास्त काळजीची वाटते. भिंतीकडच्या दोन जाड फांद्या मागच्या आठवड्यात माणसं लावून उतरवल्या. या कायद्यात झाड तोडणं याचा अर्थ फक्त बुंध्यातून आडवं करणं असा नाही, जाळणं, कापणं, कुठल्याही प्रकारे इजा करणं सगळं त्यातच येतं. छाटणीलाही परवानगी पाहिजे होती. ठेकेदाराने बुंध्याला भोकं पाडून औषध घालून झाड वाळवायची आयडिया दिली असेल तर तिथेच थांबवा त्याला, वाळलेल्या झाडाची परवानगी लवकर मिळते म्हणून लोक हे करतात आणि ती भोकं पंचनाम्यात स्पष्ट दिसतात. माझ्याकडे एक कुटुंब आलं होतं, त्यांनी असंच सुट्टीच्या दिवशी झाड पाडलं, शेजाऱ्याने फोटो काढून तक्रार केली. मी गेलो तेव्हा भुसा अजून ओला होता आणि महापालिकेचा माणूस उरलेल्या खोडाला टेप लावून घेर मोजत होता. लाकूड नेणारा गायब, फोन बंद, केस जागेच्या मालकावर. शिक्षेत दंडही आहे, कैदही आहे आणि प्रत्येक झाडाचा गुन्हा वेगळा धरतात. बारा हजारांसाठी हे करू नका.

मग करायचं काय. महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे अर्ज द्या, म्हणजे उद्यान विभागात. सातबारा नाहीतर प्रॉपर्टी कार्ड, झाडाचे चारही बाजूंनी फोटो, भिंतीच्या तड्याचा फोटो, जागेचा साधा नकाशा. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं आहेत असं तुम्ही म्हणता, त्यांची लेखी संमती आत्ताच घ्या, नंतर भांडण झालं तर पहिला आक्षेप घरातूनच येतो. छाटलेल्या फांद्यांचं लपवू नका, अर्जात लिहा. मग पाहणी होईल, झाडावर नोटीस चिकटवतील, पेपरात जाहिरात येईल, लोकांना हरकती घ्यायला 7 दिवस मिळतील. परवानगी आली तरी दुसऱ्या दिवशी करवत लावायची नाही, 15 दिवस थांबायचं आहे. बांधकामाची परवानगी वेगळी आणि झाडाची वेगळी, एक हातात आली म्हणून दुसरी आली असं समजू नका. झाड खरंच घरावर पडेल असं असेल तर कायद्यात त्याला वाट आहे, पण धोका आहे की नाही हे महापालिकेची माणसं येऊन ठरवतील, ठेकेदार नाही.

अजून एक, वर बगळ्यांची घरटी आहेत का बघा. पावसाळ्यात मोठ्या चिंचेवर वस्ती असते आणि अंडी घरटी मोडली तर 1972 चा वन्यजीव कायदा वेगळा लागतो.

आणि खरं सांगू का, तुमच्या फोटोत तडा भिंतीच्या एकाच टोकाला आहे. तेवढा दहा फुटाचा तुकडा मुळांना वळसा घालून नव्याने बांधला आणि खोल्या लिंबाच्या अलीकडे सरकवल्या तर दोन्ही झाडं राहतात, अर्ज फक्त छाटणीचा लागतो. अर्ज लिहायच्या आधी इंजिनिअरला एकदा अंगणात उभं करून हे विचारा, आणि त्याने काढलेला नकाशा मला पाठवा, मग अर्जाचा मसुदा मी बघून देतो.