सुऱ्यांना घरी धार लावायची, तर आधी एक दगड घ्या

आपला प्रश्न असा आहे की, घरात रोजच्या वापराच्या साध्या स्टीलच्या सुऱ्या, भेट मिळालेली एक महाग जपानी सुरी आणि आईची जुनी विळी आहे. दुकानांत दगड, रॉड, खाचेतून ओढायचे शार्पनर आणि विजेची यंत्रे असे सगळेच मिळते, तर यांतले काय घ्यावे? माझे मत सरळ आहे : १००० नंबरचा (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक) एकच पाण्याचा दगड घ्यावा, त्यावर हात बसवावा आणि बाकीच्या वस्तूंचा विचार त्यानंतर करावा.

याचे कारण समजण्यासाठी सुरी बोथट कशी होते ते पाहायला हवे. धारेची अगदी टोकाची कड वापरात एका बाजूला कलते, आणि दुसरीकडे ती हळूहळू झिजून गोलसर होते. कललेली कड सरळ करण्यापुरता लोखंडी रॉड उपयोगाचा असतो; झिजलेली कड मात्र आजूबाजूचा धातू घासून काढल्याशिवाय परत येत नाही आणि ते काम दगडाचेच आहे. आपल्याकडच्या सर्वसाधारण स्टीलच्या सुऱ्या बऱ्याच मऊ असतात, त्यांची कड मोडण्याऐवजी वळते, म्हणून त्यांना रॉड मानवतो. जपानी सुऱ्यांचे पोलाद रॉकवेल मोजपट्टीवर बहुधा ६० किंवा त्याहून अधिक कठीण असते. अशा पात्यावर खाचांचा लोखंडी रॉड फिरवला तर कडेचे बारीक कपचे उडण्याची भीती असते. त्या सुरीला रॉड लावूच नये.

खाचेतून ओढायच्या शार्पनरबद्दल माझे मत चांगले नाही. त्यात इंग्रजी व्ही अक्षरासारख्या बसवलेल्या कार्बाइडच्या दोन पट्ट्या धातू घासत नाहीत, खरवडतात. त्यामुळे पहिल्या दिवशी टोमॅटो छान कापला जातो, पण ती फाटकी कड फार टिकत नाही, मग पुन्हा ओढावे लागते आणि पाते विनाकारण झिजते. शिवाय मुठीजवळचा थोडा भाग खाचेत पोहोचतच नाही, म्हणून काही वर्षांनी तिथे पात्याला पोट येते आणि सुरी पाटावर पूर्ण टेकेनाशी होते. ज्यांना दगडावर हात बसवायला वेळच नाही, त्यांनी निदान सिरॅमिकच्या चाकांचे शार्पनर घ्यावे. विजेच्या यंत्राची घरगुती वापरात मला गरज वाटत नाही.

आता दगडाची पद्धत. सच्छिद्र दगड बुडबुडे थांबेपर्यंत पाण्यात ठेवावा. काही दगडांना मात्र वरून पाणी शिंपडणे पुरते आणि ते भिजत ठेवू नयेत, म्हणून सोबतची सूचना वाचावी. दगडाखाली ओले फडके घातले की तो सरकत नाही. कोन डोळ्यांनी मोजत बसण्यापेक्षा पाठीची उंची पाहावी : पाते ४ सेंमी रुंद असेल तर पाठ दगडापासून १ सेंमी वर धरल्यास १५ अंश होतात, आणि सुमारे १.४ सेंमी वर धरल्यास २० अंश. जपानी सुरी दोन्ही बाजूंनी उताराची असेल तर तिला पहिला कोन योग्य, साध्या सुऱ्यांना दुसरा. कोन नीट धरला आहे की नाही हे कळण्यासाठी धारेच्या उतारावर मार्करची रेघ ओढावी आणि दोन-चार वेळा घासून पाहावे. शाई फक्त वरच्या बाजूची गेली तर पाठ फार खाली आहे, फक्त कडेची गेली तर फार वर आहे.

त्यानंतर एकाच बाजूने घासत राहावे, जोवर दुसऱ्या बाजूला कडेवर धातूची बारीक उलटी किनार येत नाही, तिलाच कारागीर बर म्हणतात. अंगठा पात्याच्या पाठीकडून धारेकडे, म्हणजे आडवा बाहेर सरकवला, धारेच्या लांबीने कधीही नाही, की ती किनार नखाला अडकल्यासारखी जाणवते. ती मुठीपासून टोकापर्यंत सलग जाणवली की बाजू बदलावी. नवखे लोक बहुतेक इथेच फसतात : किनार येण्याआधीच बाजू बदलत राहतात आणि तासभर घासूनही सुरी बोथटच राहते. दगडावर जमणारा करडा चिखल धुऊन टाकू नये, तोही घासण्याचेच काम करतो. शेवटी दाब कमी करत दोन्ही बाजूंना आलटूनपालटून हलके फिरवावे आणि राहिलेली किनार जुन्या चामड्याच्या पट्ट्यावर धार मागे ठेवून, म्हणजे पाठ पुढे करून ओढून काढावी. मऊ स्टीलची किनार चिवट असते, तिथे घाई चालत नाही. ट्यूबलाइटखाली कडेकडे सरळ पाहिले असता कुठेही चकाकणारी रेघ दिसली नाही, तर धार लागली असे समजावे.

दगड घेण्याआधी प्रयोग करायचा असेल तर हार्डवेअरच्या दुकानातला ४०० आणि १००० नंबरचा वॉटर पेपर सपाट लादीवर ओला करून चिकटवावा. फक्त पाते नेहमी पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढावे, नाहीतर कागदच कापला जातो. हाच कागद पुढे खड्डा पडलेला दगड सपाट करायलाही उपयोगी पडतो. दगडावर पेन्सिलीने चौकटी आखाव्यात आणि सगळ्या पुसल्या जाईपर्यंत कागदावर घासावे. ३००० किंवा ६००० नंबरचा दगड जपानी सुरीसाठी नंतर घ्यायला हरकत नाही, साध्या सुऱ्यांना त्याचा फारसा फरक पडत नाही. ब्रेडची करवतीसारखी सुरी यातल्या कशावरच घासू नये.

सायकलवर चाक घेऊन येणारा धारवाला विळी-कोयत्यासाठी चालेल, पण पातळ सुऱ्या त्याच्याकडे देऊ नयेत. कोरड्या चाकावर कड फार तापते. साध्या पोलादाची कड ३०० अंशांच्या आसपास निळी पडते आणि तेवढ्या भागाचे पाणी, म्हणजे कठीणपणा, उतरते, मग तिथे धार टिकत नाही. त्याला मध्ये मध्ये पाण्यात बुडवायला सांगावे.

विळी घरीही करता येते. तिच्याबाबतीत पाते स्थिर ठेवून दगड फिरवायचा असतो : पाट पायाने घट्ट दाबावा आणि कार्बोरंडमचा दुतोंडी दगड, आधी जाड बाजू आणि मग बारीक, पात्याच्या वळणाने वरपासून खालपर्यंत न्यावा. बोटे दगडाच्या कडेच्या आतच राहायला हवीत, कारण विळीची धार आपल्याकडेच तोंड करून असते. काम झाल्यावर पाते लगेच कोरडे करून तेलाचा हात फिरवावा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर गंज दिसेल.