निरोप समारंभ, फिशपाँड आणि आजींना आलेलं 'मृत्युपत्र'

जानेवारी आला की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांचा रंगच बदलतो. पूर्वी दहावीची परीक्षा मार्चमध्ये असायची, त्यामुळे निरोप समारंभ फेब्रुवारीत निवांत व्हायचे, पण 2025 ला बोर्डाने परीक्षा 21 फेब्रुवारीलाच सुरू केली आणि तेव्हापासून प्रीलिम, प्रॅक्टिकल आणि सेंडऑफ सगळं एकाच महिन्यात कोंबलं जातंय. म्हणून या वेळी फक्त निरोपाचेच प्रश्न घेतलेत.

प्रश्न : ताई, मी भोरला दहावीत आहे. आमच्याकडे सेंडऑफला फिशपाँड असतात, म्हणजे एकेकावर गमतीच्या ओळी चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायच्या आणि स्टेजवर वाचायच्या. मागच्या वर्षी एका मुलीवर काहीतरी वाईट लिहिलं, ती रडत घरी गेली, म्हणून या वर्षी मॅडम म्हणतायत बंदच करू. आम्हाला तर तेच हवंय, बाकी भाषणं काय कुणी ऐकत नाही. काय करू?
– एक विद्यार्थिनी, भोर

तुझ्या मॅडमचं मला शंभर टक्के पटतं आणि तरीही फिशपाँड बंद होऊ नयेत असं मनापासून वाटतं, कारण शाळेची सगळी वर्षं एकत्र काढलेल्या पोरांनी एकमेकांबद्दल काय काय बघून ठेवलंय हे फक्त तिथेच कळतं, भाषणात सगळे एकसारखेच गुणी विद्यार्थी होऊन जातात.

आता नीट ऐक. पेटी ठेवायची, चिठ्ठीवर लिहिणाऱ्याचं नाव नाही, ही पद्धत राहू दे, मजा त्यातच आहे. पण पेटी कार्यक्रमाच्या दिवशी स्टेजवर पहिल्यांदा उघडायची नाही. दोन दिवस आधी उघडा, मॅडम आणि तुमच्यातली दोघं-तिघं बसा आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचा. रंग, उंची, जाडी, दात, जात, घरची परिस्थिती, आईवडिलांचं काम, कुणाचं नाव कुणाशी जोडणं, यातलं काहीही असेल तर ती चिठ्ठी तिथेच फाडा, चर्चा नको. कारण पुण्यात एखाद्या मोठ्या शाळेत असलं काही वाचलं तर ते निदान हॉलमध्ये राहण्याची थोडी तरी शक्यता असते, भोरसारख्या गावात फिशपाँड त्या मुलीच्या आधी तिच्या घरी पोचतो, किराणावाल्याला माहीत, रिक्षावाल्या काकांना माहीत, आणि पुढे कॉलेजही बहुतेक तिथेच असतं म्हणजे ते नाव तिला चिकटून राहतं.

मग लिहायचं कशावर, तर सवयीवर. जे तो स्वतः करतो आणि जे उद्या तो स्वतःच हसत सांगेल त्यावर. रोज उशिरा येणाऱ्यासाठी हे बघ :

घंटा झाली, प्रार्थना झाली, हजेरीही संपून गेली,
दारात उभा राहून म्हणतो, 'बाई, एसटी आत्ताच आली'.

यात 'बाई, एसटी आत्ताच आली' हे त्या मुलाचं खरं वाक्य हवं, त्याच्याच तोंडचं, तर हॉल उठतो. नुसतं 'हा खूप उशिरा येतो' याला कुणी हसत नाही. यमक थोडं चुकलं तरी चालतं, वाक्य खरं पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पटावरच्या प्रत्येकाच्या नावाने एक तरी चिठ्ठी पाहिजे. फिशपाँडमध्ये दरवर्षी त्याच आठ-दहा फेमस पोरांची नावं येतात आणि मागच्या बाकावरची शांत मुलगी आपलं नाव येईल म्हणून शेवटपर्यंत मान वर करून बसते. मी शिकवत होते तेव्हा हे डोळ्यांनी बघितलंय, वाईट फिशपाँडने जितकं लागतं तितकंच काहीच न आल्यानेही लागतं. तर पट घ्या, टिक करत जा, ज्याच्या नावाने काहीच नाही त्याच्यासाठी तुम्हीच लिहा. शांत मुलीसाठी मी असं लिहीन :

बोलेल का ही कधीतरी, अशी शंका येते,
गणिताचा पेपर आला की गर्दी हिच्याच बाकाशी होते.

हे सगळं एका कागदावर लिहून मॅडमकडे घेऊन जा, नुसतं 'प्लीज ना मॅडम' नको. मागच्या वर्षीच्या त्या मुलीशी कुणी बोललं का तेही विचारून बघ, तुमच्यापैकी कुणी तिच्या ओळखीचं असेल तर जाऊन भेटा.

प्रश्न : माझा नातू अमेरिकेत ओहायोमधल्या छोट्या गावात बारावीला आहे. लेकीने तिथल्या स्थानिक पेपरातल्या पानाचा फोटो पाठवला, त्यात नातवाचं चक्क मृत्युपत्र छापलंय! 'माझी पार्किंगची जागा अमक्याला, बँडमधला ड्रम तमक्याला.' लेक म्हणते मजा असते, पण मला रात्रभर झोप नाही. हे काय खूळ आहे?
– एक आजी, कोथरूड

आजी, आधी निर्धास्त व्हा. तुमची लेक बरोबर सांगतेय. तिकडे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी, शेवटच्या वर्षाच्या मुलांना सिनिअर म्हणतात आणि मे-जूनच्या सुमाराला शाळा सुटताना त्यांनी गमतीचं मृत्युपत्र लिहायचं ही तिथली जुनी रीत आहे, त्याला 'सिनिअर विल' म्हणतात. वकिली भाषेत लिहायचं, पण ठेवून जायचं काय तर कॅन्टीनमधलं खिडकीजवळचं टेबल, न उघडणारं लॉकर, उशिरा येऊनही न पकडलं जायची कला. मागे राहणाऱ्या धाकट्या मुलांना ते 'वारसाहक्काने' मिळतं. हे इयरबुकमध्ये येतं, आणि छोट्या गावात वर्गच एवढासा असतो की स्थानिक पेपरही सगळ्या मुलांचे फोटो आणि निरोपाचे चार शब्द छापू शकतो. आपल्याकडे करकटकाने बाकावर नाव कोरून जाणारी पोरं वेगळं काय करायची, नववीतल्या कुणाला तरी 'हा बाक आता तुझा' असंच सांगून जायची ना.

तुम्ही एक करा, त्याला तसंच उत्तर पाठवा. 'मी, खाली सही करणारी आजी, पूर्ण शुद्धीत राहून लिहून देते की पुण्याला आल्यावर लोणच्याची बरणी उघडण्याचं काम, दुपारी माझ्या शेजारी झोपायची जागा आणि आजोबांचा कॅरम आजपासून तुझ्या नावावर.' देवनागरी वाचता येत नसेल तर आवाज रेकॉर्ड करून पाठवा. आणि शाळा संपतानाचा ग्रॅज्युएशनचा समारंभ ऑनलाइन दाखवतात का ते लेकीला विचारा, पुष्कळ शाळा दाखवतात. तिथे मे महिन्यात संध्याकाळी 7 ला असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे 4.30 होतात, गजर लावा. टोपीचा गोंडा उजवीकडून डावीकडे घेतला की मुलं पास होऊन बाहेर पडली असं समजायचं, तो क्षण चुकवू नका!

प्रश्न : मुलीला शेवटच्या दिवशी युनिफॉर्मवर सगळ्यांच्या सह्या घ्यायच्यात. हे वाया घालवणं नाही का?
– एक आई, सिंहगड रोड

मला तर ही फार गोड गोष्ट वाटते, घेऊ द्या. फक्त आठवीतला घट्ट झालेला शर्ट द्या, चालू शर्ट प्रॅक्टिकलला आणि पेपरला लागणार आहे. बॉलपेनची सही धुण्यात फिकी होते, स्टेशनरीच्या दुकानात कापडावर लिहायचा मार्कर मिळतो तो आणा, लिहिताना शर्टाच्या आत पुठ्ठा घाला म्हणजे पाठीवरची शाई पुढे उतरत नाही, आणि नीट वाळल्यावर उलट्या बाजूने इस्त्री फिरवा. शिक्षकांच्या सह्यांसाठी कॉलरजवळची जागा आधीच राखून ठेवायला सांगा, नाहीतर तिथे मैत्रिणी बदाम काढून ठेवतात.

प्रश्न : आम्ही 1974 ची अकरावी मॅट्रिकची बॅच. गेट-टुगेदरमध्ये तेव्हाचे शेलापागोटे, म्हणजे आताचे फिशपाँडच, पुन्हा वाचायचा विचार आहे, एकाने वही जपून ठेवलीय. वाचावेत का?
– एक आजोबा, सदाशिव पेठ

अहो, नक्की वाचा! 1975 ला दहावीची शालान्त परीक्षा सुरू झाली, म्हणजे तुम्ही जुन्या मॅट्रिकच्या शेवटच्या काही बॅचमधले, असली वही आता कुणाकडे सापडणार. फक्त ज्याच्यावर आहे त्याला आधी फोन करून ऐकवा, तो हो म्हणाला तरच घ्या. आणि वहीचे फोटो काढून ग्रुपवर टाका, कागद पिवळा पडून तुकडे व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे, दहावीच्या सेंडऑफचं अँकरिंग माझ्याकडे आहे. सरांवर फिशपाँड चालतो का? आणि शेवटी सगळे रडायला लागले तर मी काय बोलू?
– एक विद्यार्थी, कसबा पेठ

सरांवर चालतो, पण सरांना आधी दाखवून, आणि त्यांचं वर्गातलं ठरलेलं वाक्य घेऊनच, जसं 'हे मार्कांना आहे, लिहून घ्या'. ते वाक्य सरांनाच माईकवर म्हणायला लाव, बघ काय होतं ते. रडायला लागले तर काही बोलू नकोस रे, माईक खाली ठेव, थोडा वेळ जाऊ दे आणि मग सांग की वडापाव गरम आहेत, रांगेत या, दहावीवाले आधी.