वाचकांचे प्रश्न : शेडमधील लष्करी जीप किती मोलाची?

प्रश्न : आमच्या आजोबांनी लष्कराच्या लिलावातून घेतलेली एक जीप जांबोटीजवळच्या आमच्या शेतघरात पडून आहे. वडिलांनी पुढे तिला डिझेल इंजिन बसवले. मूळ पेट्रोल इंजिन गोठ्याच्या कोपऱ्यात आहे. गोव्याहून आलेले एक गिऱ्हाईक ‘रंगवून द्या, चांगली किंमत देतो’ म्हणते. ती खरोखर युद्धकाळातील आहे का, आणि रंगवून विकावी का? (एक वाचक, खानापूर तालुका)

उत्तर : रंगकामाच्या भानगडीत तूर्त पडू नका. दुसऱ्या महायुद्धात विलीज या अमेरिकी कंपनीची एमबी आणि त्याच आराखड्यावर फोर्डने बांधलेली जीपीडब्ल्यू या दोन मॉडेलांच्या मिळून सहा लाखांहून अधिक जीपा तयार झाल्या. तेव्हा केवळ ‘युद्धातली जीप’ म्हणून ती दुर्मीळ ठरत नाही. दुर्मीळ असते ती जिची चासी, इंजिन, पत्रा आणि कागद एकमेकांशी जुळतात अशी जीप, आणि जाणकार संग्राहक पैसे मोजतो ते या जुळणीसाठी.

प्रथम जीपची पुढची जाळी पाहा. युद्धकाळातील, पत्रा दाबून केलेल्या जाळीला नऊ फटी असतात, नंतरच्या नागरी जीपला सात. सुरुवातीच्या सुमारे २५,००० विलीज जीपांना तर सपाट पट्ट्या जोडून केलेली जाळी होती आणि त्यांचे मोल वेगळेच आहे. परंतु जाळी बदलणे सोपे असल्याने तेवढ्यावर विश्वास ठेवू नये. महिंद्राच्या जीपवर नऊ फटींची जाळी चढवून ती ‘युद्धातली’ म्हणून खपवली जाऊ शकते. महिंद्राचे सीजे-३बी हे मॉडेल असेल तर तिचे उंच बॉनेटच सत्य सांगते. एमबीला मागे उघडणारे फळके नसते, आणि तिचे दिवे बिजागरीवर मागे वळवून रात्री इंजिनावर उजेड पाडता येतो. सर्वांत भरवशाची खूण पुढच्या बंपरमागे, रेडिएटरच्या खाली आहे : तेथील आडवा दांडा गोल नळीचा असेल तर चासी विलीजची, उलट्या पन्हळीसारखा चौकोनी असेल तर फोर्डची. फोर्डने आपल्या बोल्टांवरही ‘एफ’ हे अक्षर उमटवले होते.

यानंतर गोठ्यातील इंजिन पुसून त्यावरचा क्रमांक वाचा. तो ‘एमबी’ किंवा ‘जीपीडब्ल्यू’ने सुरू होत असेल, तर सुमारे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे ते इंजिन भंगारवाल्याच्या हाती लागू देऊ नका. जीपच्या किमतीतला मोठा वाटा त्याचाच आहे. फोर्डमध्ये चासी व इंजिनाचा क्रमांक कारखान्यातून एकच येई, विलीजमध्ये तो मुळातच वेगळा असे. म्हणून विलीजचे क्रमांक जुळत नाहीत एवढ्यावरून कोणी किंमत पाडू लागला तर त्याचे ऐकू नये. इंजिनाचे काम निघाल्यास बेळगावकरांना फार दूर जावे लागत नाही, कारण शहरातील उद्यमबाग या औद्योगिक भागात बिडाचे ओतकाम आणि लेथकाम दोन्ही होते. मात्र नवा भाग घातला तरी जुना जपून ठेवावा.

कागदांचा भाग आपल्याकडे जरा गुंतागुंतीचा आहे. बेळगाव ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होते, नंतर म्हैसूर राज्यात, आणि त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले ते १९७३ मध्ये. त्यामुळे जुन्या आरसी बुकावर कोणत्या राज्याचा शिक्का आहे हे पाहून पुढचा शोध घ्यावा लागतो. नोंदणी कोल्हापूरची निघाली तर तेथील आरटीओचे ना-हरकत पत्र लागेल. २०२१ च्या केंद्रीय नियमानुसार पन्नास वर्षांहून जुन्या खासगी वाहनाची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते : नव्या नोंदणीस २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे, आणि क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे, आधी नोंदलेल्या वाहनास मात्र जुना क्रमांक ठेवता येतो. चासी, सांगाडा वा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेले वाहन या नियमात बसत नाही, म्हणून डिझेल इंजिन तसेच ठेवून अर्ज करू नये. अशी नोंदणी झाल्यावर जीप प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती आणि इंधन भरण्यापुरतीच रस्त्यावर आणता येते; बाजारहाटासाठी नाही.

गिऱ्हाइकाने रंगाचा आग्रह धरावा, यातच मला थोडे काळेबेरे दिसते. जुन्या रंगाच्या थराखाली लष्करी क्रमांक सापडू शकतो, आणि तो खरवडला गेला की पुरावाही जातो.

प्रश्न : लिलावातील जोंगा ही लष्करी गाडी गुंतवणूक म्हणून घ्यावी का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : हौस म्हणून जरूर घ्यावी. जबलपूरच्या कारखान्यात १९६९ पासून तयार झालेली ही गाडी मुळात निसान कंपनीची ‘पॅट्रोल’ आहे, आणि तिचे जवळपास चार लिटरचे पेट्रोल इंजिन इंधन भरपूर पिते. व्हिंटेजची पन्नास वर्षे नियमाच्या शब्दांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून मोजायची असल्याने, लष्कराने उशिरा विकलेल्या जोंगाबाबत आरटीओकडे आधी विचारणा करावी. लष्करी क्रमांकाच्या पाटीवर वर टोक असलेल्या बाणानंतरचे दोन आकडे खरेदीचे वर्ष दाखवतात. लिलावाच्या कागदाशी ते ताडून पाहावेत.

प्रश्न : जीपला लष्करी हिरवा रंग देता येईल का? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२१ नुसार ऑलिव्ह ग्रीन रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठीच राखीव आहे. व्हिंटेज नोंदणीने त्यातून सूट मिळेल असे गृहीत धरू नये. रंगाचा डबा आणण्यापूर्वी आरटीओकडून लेखी उत्तर घ्यावे.