छातीतल्या धडधडीविषयी, एका विद्यार्थिनीस

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

परीक्षेची तारीख जवळ आली की छातीत धडधडते, तळहातांना घाम सुटतो आणि अभ्यासिकेतून उठून निघून जावेसे वाटते, असे तू कळवलेस. मैत्रिणीच्या सांगण्यावरून रोज पळायला जावे का, असेही विचारलेस. जावेस, असेच मी म्हणेन. पण त्याचा उपयोग नेमका कशामुळे होतो हे आधी समजून घे, म्हणजे पहिल्या आठवड्यात मन हलके झाले नाही तरी तू ते सोडून देणार नाहीस.

व्यायामाने आनंदाची रसायने स्रवतात, हे तू ऐकलेच असशील. त्यात तथ्य आहे, मात्र सांगितले जाते तितके ते सरळ नाही. यांतले सर्वांत नावाजलेले एंडॉर्फिन रक्तात वाढले तरी मेंदूत सहजासहजी शिरत नाही आणि म्हणून अलीकडे संशोधकांचे लक्ष शरीरातच तयार होणाऱ्या आणि मेंदूत सहज पोचणाऱ्या ॲनंडामाइडसारख्या द्रव्यांकडे वळले आहे. तुझ्या बाबतीत मला दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. तुला परीक्षेची भीती वाटते, तशीच त्या धडधडीचीही वाटते: हृदयाचे ठोके वाढले म्हणजे आता काहीतरी वाईट होणार, असे मन ठरवून टाकते आणि त्या भीतीने ठोके आणखी वाढतात. पळताना नेमक्या याच खुणा दिसतात, म्हणजे धाप लागते, घाम येतो, छाती धडधडते. पण त्या वेळी त्यांचे कारण तुला ठाऊक असते आणि थांबल्यावर थोड्याच वेळात सारे निवते. हा अनुभव पुन्हापुन्हा आला की त्या खुणांचा धाक ओसरू लागतो. अशा धडधडीला विशेष घाबरणाऱ्या व्यक्तींवर अमेरिकेत एक प्रयोग झाला, तो 2004 साली प्रसिद्ध झाला. त्यात ट्रेडमिलवरच्या 20 मिनिटांच्या अवघ्या 6 सत्रांत ही भीती कमी झाली आणि जोरकस व्यायाम करणाऱ्यांमध्ये ती अधिक लवकर उतरली.

तुझ्या वयाच्या स्त्रियांवरचा एक अभ्यासही सांगते, कारण त्याचा निष्कर्ष जाहिरातीत बसणारा नाही. जॉर्जिया विद्यापीठातील संशोधकांनी 18 ते 37 वयाच्या, व्यायामाची सवय नसलेल्या आणि चिंताविकाराचे निदान झालेल्या 30 स्त्रियांचे तीन गट केले. 2012 साली त्याचे निष्कर्ष आले. 6 आठवडे, आठवड्यातून दोनदा, एका गटाने वजनांचा व्यायाम केला, दुसऱ्याने सायकलिंगचा आणि तिसरा नुसता प्रतीक्षेत राहिला. विकार ओसरल्याचे प्रमाण अनुक्रमे 60, 40 आणि 30 टक्के होते. गट इतके लहान असताना या आकड्यांवर फार मोठी इमारत उभारू नये, तरी दोन गोष्टी मी त्यातून घेते: पळणे हा एकच मार्ग नव्हे, आणि काही जणींना काही न करताही बरे वाटू लागते.

आता प्रत्यक्षाकडे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सुचवला आणि तो सलग किमान 10 मिनिटांचा असावा ही जुनी अटही काढून टाकली. मध्यम म्हणजे चालता चालता बोलता येते, पण गाता येत नाही इतका. सुरुवात एवढ्यावरच कर, कारण आपल्या कुवतीपलीकडे गेले की व्यायाम चालू असतानाच मन खट्टू होते आणि नव्याने सुरू करणाऱ्या मुली बहुधा तिथेच थांबतात. महिनाभराने पर्वतीच्या पायऱ्या थोड्या झपझप चढून बघ. धाप लागेल ती लागू दे, आणि उतरायची घाई करू नकोस. पहाटेच्या अंधारात टेकडीवर एकटी जाऊ नकोस, मैत्रिणीला सोबत घे. व्यायामानंतरचा निवांतपणा काही तास टिकू शकतो, म्हणून अभ्यासाच्या ज्या बैठकीची तुला सर्वांत जास्त धास्ती वाटते तिच्या आधी व्यायामाची वेळ ठेव.

पण या सगळ्याआधी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातील 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि रक्तक्षयातही धडधड होते, दम लागतो, चिडचिड होते. अशी धडधड पळण्याने जात नाही, उलट वाढते. मेसचा डबा अर्धा ठेवून पळणे तर मुळीच नको. पाळी चुकू लागली, तर व्यायाम अन्नाच्या मानाने जास्त होतो आहे का, हे डॉक्टरांना विचार.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर केवळ व्यायामावर विसंबू नकोस. टेलिमानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी दूरध्वनी सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीतून बोलता येते. कोणी औषध दिले असेल, तर बरे वाटू लागले म्हणून ते परस्पर बंद करू नकोस. रक्ताचा अहवाल आला की मला कळव, त्यानंतर पुढच्या महिन्याचे वेळापत्रक आपण मिळून ठरवू.

तुझी हितचिंतक