‘नशिबात असेल तर होणारच, मग पथ्य कशाला?’

चाळिशीतले एक गृहस्थ बायकोच्या आग्रहाखातर माझ्याकडे समुपदेशनासाठी आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १६८, म्हणजे मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. डॉक्टरांनी चालायला आणि खाणं सांभाळायला सांगितलं होतं. यांनी फाईल कपाटात टाकून दिली.

“मॅडम, वडिलांना होता, थोरल्या भावाला आहे. आमच्या नशिबातच आहे ते. जे व्हायचं ते होणारच.”

नशीब खोटं आहे हे पटवायला मी कधीच जात नाही. माणूस त्याचा आधार कशासाठी घेतोय, हे आधी कळायला हवं. मुलीच्या बारावीसाठी हेच गृहस्थ पहाटे उठून तिला क्लासला सोडत होते. तिथे नशिबावर हवाला नव्हता.

वडिलांबद्दल विचारलं. मधुमेहापायी त्यांचा पाय कापावा लागला होता. सांगता सांगता ते अडखळले. “काळजी घेऊन टळत असेल, तर आम्हीच त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं असं झालं ना?”

खरी गाठ इथे होती. नशीब म्हटलं की वडिलांना दोष लागत नव्हता, मुलांनाही नाही. ते हिसकावून घेतलं असतं तर हाती निव्वळ अपराधीपणा उरला असता. त्या दिवशी आम्ही फक्त वडिलांबद्दल बोललो.

पुढच्या भेटीत आकड्यांकडे वळलो. अशाच उंबरठ्यावरच्या ५३१ भारतीयांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत, नेहमीचा सल्ला मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहार-व्यायामाचा पाठपुरावा करून घेतला, त्यांच्यात ३९ टक्क्यांना. या गृहस्थांच्या घरी ज्ञानेश्वरीचं वाचन होतं, म्हणून गीतेचा अठरावा अध्याय काढला. कर्माची पाच कारणं तिथे सांगितली आहेत: अधिष्ठान (शरीर), कर्ता, करण (साधनं), चेष्टा (हालचाली) आणि पाचवं दैव. दैव आहेच, पण एकटं नाही. आनुवंशिकता हे जसं कारण, तसं रोजचं चालणं हेही कारणच.

“म्हणजे सगळं करूनही होऊ शकतो?”

“हो. त्या ३९ टक्क्यांनाही झालाच. त्यात त्यांचा गुन्हा नव्हता.”

हे ऐकून ते मोकळे झाले असं मला वाटलं. प्रयत्नांचं ओझं दैवाशी वाटून घेता आलं की पाऊल उचलणं सोपं जातं, असा माझा अनुभव आहे. आहारतज्ज्ञांचा नंबर त्यांनी घेतला, आणि उठता उठता विचारलं, “थोरल्याच्या पायांची तपासणी कुठे करून घ्यायची?”