गुडघ्याची वाटी बदलल्यावर किती दिवस पूर्ण विश्रांती द्यावी?

आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत: 68 वर्षांच्या आईची शस्त्रक्रिया रोबोटच्या साहाय्याने करावी का, दोन्ही गुडघे एकदम करावेत का, आणि नंतर तिला किती दिवस पूर्ण विश्रांती द्यावी. शेवटचे आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात पेटलेला वाद अजून विझलेला नाही. पूर्ण विश्रांती एक दिवसही देऊ नका.

आमचे गाव परभणी जिल्ह्यात. सासूबाईंना आम्ही आत्याबाई म्हणतो. त्यांचा जन्म कापसाच्या शेतात गेला आणि उजवा गुडघा इतका झिजला की पायच बाहेरच्या अंगाला वाकला होता. छत्रपती संभाजीनगरला वाटी बदलली, म्हणजे झिजलेल्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर हातात देऊन त्यांना उभे केले. वैद्यकाची खरी प्रगती मला इथे दिसते. कमरेतून दिलेली भूल, मांडीतल्या मज्जातंतूपाशी दिलेले इंजेक्शन, ज्याने वेदना दबते पण मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते, आणि रक्तस्राव रोखणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडसारखे औषध, ज्यामुळे बहुतेकांना रक्त चढवावेच लागत नाही. ही सारी खटपट रुग्णाने लवकर चालू लागावे म्हणून असते. एवढे करून घरी आणलेल्या माणसाला आपण बाजेवर निजवतो.

माझ्या नणंदबाईंनी तर बाळंतपणाचा हिशेब गुडघ्याला लावला: सव्वा महिना बाज, विटेचा शेक आणि डिंकाचे लाडू. आत्याबाईंना मधुमेह नाही, त्यामुळे लाडवांना माझी हरकत नव्हती. परंतु सुजलेल्या, टाके ओले असलेल्या गुडघ्याला शेक देऊ नये; फडक्यात गुंडाळलेला बर्फ लावावा, आणि तोही जखम भिजू न देता. त्याहून घातक होती ती गुडघ्याखाली सारलेली वाकळ. गुडघा किंचित वाकलेला ठेवला की सुजेचा ताण कमी होऊन बरे वाटते, आणि म्हणूनच ती सवय वाईट. मागचे स्नायू आणि सांध्याभोवतीचे आवरण त्याच स्थितीत आखडते आणि पुढे पाय सरळच होत नाही. फिजिओथेरपिस्टने कोनमापक लावला तेव्हा गुडघा पूर्ण सरळ व्हायला 15 अंश कमी पडत होते.

त्या दिवसापासून वाकळ मी काढून घेतली. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची, गुडघा अधांतरी सोडायचा आणि मांडीचा स्नायू आवळून गुडघा खाली दाबायला लावायचे. आत्याबाई बाजेची गाती घट्ट धरून, डोळे मिटून म्हणायच्या, ‘कसाईण हाईस गं तू.’ नणंदबाईंनी भावाला फोन करून सून आईचा छळ करते असे कळवले. यजमानांनी दोन्हीकडे हो म्हणण्याचा त्यांचा जुना मार्ग पत्करला. पाय सरळ झाला, तेव्हा मात्र कोणाचा फोन आला नाही.

लोक गुडघा किती वाकतो तेवढेच मोजतात. सुरुवातीला तो पूर्ण सरळ होणे जास्त महत्त्वाचे असते. वाकण्याचे म्हणाल तर साधारण सहा आठवड्यांत 90 अंशांच्या पुढे आणि तीन महिन्यांत 110 ते 120 पर्यंत अनेकांचा गुडघा जातो. फारच आखडला तर भूल देऊन वाकवून घ्यावा लागतो, आणि ते पहिल्या तीन महिन्यांत केले तर अधिक उपयोगी पडते. सूज आणि ऊब काही महिने राहते, व्रणाच्या बाहेरच्या बाजूला बधिरपणा राहतो, चालताना कधी टक् असा आवाज येतो. एवढ्यावरून शस्त्रक्रिया बिघडली असे घरात कोणाला म्हणू देऊ नका.

रोबोटविषयी माझे मत रोखठोक आहे: त्यासाठी कर्ज काढू नका. यंत्र स्वतः शस्त्रक्रिया करत नाही, डॉक्टरच करतात. यंत्रामुळे हाड ठरवलेल्या मापात कापले जाते आणि पायाची रेषा अधिक अचूक येते. मात्र काही वर्षांनंतर त्या रुग्णाला कमी दुखते किंवा तो अधिक चांगला चालतो, असे अभ्यासांतून ठामपणे सिद्ध झालेले नाही. कृत्रिम सांध्याच्या किमतींवर केंद्र सरकारने ऑगस्ट 2017 मध्ये मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या, कोबाल्ट-क्रोमियम या मिश्रधातूच्या सांध्याची कमाल किंमत करांव्यतिरिक्त 54,720 रुपये ठरली. ती मर्यादा सांध्यापुरती आहे, रुग्णालयाच्या बाकीच्या बिलाला नाही; म्हणून सगळ्या खर्चाचा एकत्र, पॅकेजचा भाव सांगितला की त्यात काय काय धरले आहे ते लिहून मागा. टिकण्याची धास्ती नको, कारण पूर्ण बदललेल्या दहापैकी सुमारे आठ गुडघे 25 वर्षे टिकतात. उरलेले पैसे घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टवर खर्च करा, आणि संडासात खुर्चीचा कमोड शस्त्रक्रियेच्या आधीच बसवून घ्या.

दोन्ही गुडघे एकदम करावेत का, हे आईचे हृदय, साखर आणि मूत्रपिंडे तपासणारा डॉक्टर ठरवील. तिथे माझ्या मताला किंमत नाही. हाड ठिसूळ असल्याने किंवा दुसऱ्या कारणाने सर्जनने वजन टाकू नका असे सांगितले असेल, तर माझे वरचे सारे बाजूला ठेवा. ताप, जखमेतून पाणी, पोटरीत नवे दुखणे व सूज, यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी रुग्णालयात जा. दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणभरही थांबू नका.

व्यायामाची जबाबदारी घरातल्या एकाच माणसाकडे द्या, आणि तो माणूस शक्यतो आईच्या रडण्याला विरघळणारा नसावा. भेटायला येणाऱ्यांना त्या वेळेपुरते ओसरीवर बसवा. नणंद असेल तर तिला एकदा फिजिओथेरपिस्टसमोर उभी करा, तरी तिला पटेलच असे नाही. आमच्याकडे आत्याबाई आता शेताच्या बांधापर्यंत जाऊन येतात आणि नणंदबाई पाहुण्यांना सांगतात की ती करामत विटेच्या शेकाची आहे.